चव्वेचाळिसावी चिठ्ठी

चिपळूणहून मुंबईला निघालेल्या माणसाच्या पिशवीत काय असतं, ते आपल्याकडे कुणीही न बघता सांगेल. कोकम, कुळथाचं पीठ, आंबापोळी. आम्ही अकरा जण निघालो तेव्हा टेम्पोत हे सामान होतं: फावडी तेरा, घमेली चोवीस, मशीनचं तेल दोन डबे, सुंभाची दोरी, हातगाडी एक आणि गमबूट अकरा जोड. त्यातल्या एका जोडीत दोन्ही बूट डाव्या पायाचे आहेत, हे दिंडोशीला पोचल्यावर कळलं. यादी मी केली होती, हार्डवेअरचं दुकान आमचं होतं, त्यामुळे ती जोडी मुकाट्याने मीच घातली. चार दिवस मी किंचित डावीकडे वळत चालत होते.

परत आल्यापासून बाजारात जो भेटतो तो विचारतो, "मुंबईला गाळ काढायला? तिथे महानगरपालिका नाही का?" आहे. रस्त्यावरचा आणि नाल्यातला गाळ तिने काढला. पण घरातला गाळ घरच्यांनाच काढावा लागतो, हे आपल्याला काय वेगळं सांगायला हवं? आणि तो ओला असेपर्यंतच निघतो, वाळला की छिन्नी लागते, हेही आपल्याला पुराने पुरेसं शिकवलंय. मुंबईत ते कुणाला माहीत नव्हतं. म्हणून सुजाताचा फोन आला.

सुजाता कोण, ते सांगते. आपल्याकडे पूर येऊन गेला तेव्हा मुंबईच्या उपनगरांतून मदतीचे ट्रक आले होते, आठवतंय ना? जुन्या साड्यांचे गठ्ठे आणि बिस्किटं, बिस्किटं, बिस्किटं. त्यातल्या एका ट्रकमधून अकरा बायका उतरल्या होत्या. त्यांची पुढारी रिकाम्या हाताने आमच्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "ताई, झाडू कुठाय?" ती सुजाता. दिंडोशीच्या डोंगरालगतच्या वस्तीत राहते आणि पोळी-भाजी केंद्र चालवते. आमच्या माळ्यावर ती आठ दिवस राहिली आणि जाताना माझी एक पद्धत घेऊन गेली. कुणाचं घर आधी साफ करायचं यावरून भांडणं नकोत म्हणून मी चिठ्ठ्या टाकायचे. नंबर येईल तसं घर, वशिला नाही. ही पद्धत माझ्याच अंगावर उलटणार होती, पण ते पुढे.

बुधवार, दिंडोशी

सोमवारच्या पावसात डोंगरावरून लाल मातीचा लोंढा आला आणि खालच्या दोन गल्ल्यांत शिरला. माणसं सगळी वाचली. शेजारच्या पालिकेच्या शाळेत त्यांची सोय झाली होती. घरांत मात्र गुडघाभर गाळ. आपला गाळ काळा आणि चिकट असतो, त्याला नदीचा वास येतो. इथला लाल, आणि त्यात अर्ध्याहून जास्त प्लास्टिक.

"आलीस ताई!" सुजाताने मला मिठी मारली. आता आम्ही दोघी लाल झालो. "एवढी लांब दांड्याची फावडी?"

"आमच्याकडे हीच असतात."

"तुमच्याकडे गल्ली असते का?"

उत्तर पाचच मिनिटांत मिळालं. आमचे सदाकाका, प्लंबर, वय एकसष्ट, हातगाडी घेऊन जोशात गल्लीत शिरले आणि दहा पावलांवर अडकले. गाडी पुढे जाईना, मागे येईना. पलीकडे कामावर निघालेली माणसं, अलीकडे आम्ही, मध्ये सदाकाका. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पार्वतीकाकूंनी डोकं बाहेर काढलं. या मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, गिरणी गेली आणि त्या इथे आल्या.

"अगो बाय, ही गाडी आणलंस ती आणलंस, आता ती उडवन ने!"

"काकू, करवत आहे का?" सदाकाकांनी खालून विचारलं.

"आसा. पण माका परत व्हयी!"

करवत दोरीने खाली आली. हातगाडीचे दोन तुकडे झाले. लोक टाळ्या वाजवत बाहेर पडले. मग त्याच करवतीने तेरा फावड्यांचे दांडे निम्मे केले. अजूनही ते लांबच होते, कारण घरात फावडं उगारलं की कोपर कपाटाला लागायचं. शेवटी ताटं, सुपल्या, पत्र्याचे डबे, मिळेल ते घेऊन आम्ही वाकलो, आणि बायकांची रांग करून घमेली हातोहात बाहेर द्यायला लागलो.

त्याआधी चिठ्ठ्या. त्रेचाळीस घरं आणि एक बुद्धविहार, एकूण चव्वेचाळीस. चिठ्ठ्या शिट्टी नसलेल्या कुकरमध्ये टाकल्या. पार्वतीकाकू डोळे मिटून एकेक काढत होत्या आणि मी लिहीत होते. त्यांचं स्वतःचं खालचं घर तिसरं आलं, तर त्यांनी कुकरलाच नमस्कार केला. विहार काही येईना. तीस झाल्या, चाळीस झाल्या. लोक गप्प होत चालले होते आणि मला कारण कळेना. शेवटी कुकरमध्ये एकच चिठ्ठी उरली, ती विहाराची. सगळ्यांनी सुजाताकडे पाहिलं. ती सगळ्यात मोठ्याने हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. रविवारी अकरा वाजता विहारात माझ्या प्रणालीचं लग्न आहे."

मी पेन खाली ठेवलं.

"अगं मग पुढे ढकल ना! मुहूर्त दुसरा बघता येईल."

"आमच्यात मुहूर्त नसतो ताई, रविवार असतो. आणि हाच रविवार आहे. नवरा मुलगा अमोल फौजेत आहे. मंगळवारी तो सीमेवर परत जाणार, मग वर्षभर रजा नाही."

"दुसरा हॉल?"

"शाळेत माणसं राहतायत. आणि ते विहार माझ्या बापाने आणि वस्तीने विटा वाहून बांधलंय. पोरगी म्हणते, तिथेच."

पार्वतीकाकूंनी लगेच आपली तिसरी चिठ्ठी पुढे केली. त्यांच्यामागून पाचवी आली, मग नववी. सुजाताने सगळ्या परत त्यांच्या हातांत कोंबल्या. "आज माझ्या पोरीसाठी नंबर बदलला, तर उद्या कुठल्या तोंडाने कुणाला थांब सांगू? ताई, सांग यांना. नियम तुझा आहे."

नियम माझा होता. मी विहारापुढे चव्वेचाळीस लिहिलं.

गुरुवार, खारदांडा

विहार सखल जागी आहे आणि बाजूच्या सहा घरांतही पाणी साचलं होतं. पंप हवा होता. सुजाताला सगळ्या उपनगरात कोण काय देऊ शकेल ते पाठ आहे. ती कुठेही लिहून ठेवत नाही, आणि त्याचा मला फार त्रास होतो. "खारदांड्याला हेमाबाईकडे बोटीतलं पाणी उपसायचा पंप आहे," ती म्हणाली. प्रणालीला घेऊन मी निघाले.

मुंबईला येऊन समुद्र न बघता गेले असं होऊ नये म्हणून मी निघतानाच यादीत "समुद्र" लिहिलं होतं. तो इतक्या सहज दिसेल असं वाटलं नव्हतं. जाळी, उलट्या ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेले कपडे, आणि मागे तो, राखाडी आणि चिडलेला. मी तिथेच उभ्या उभ्या टिक केली. प्रणाली इतकी हसली की खाली बसली. बँकेत काम करते ती, चोवीस वर्षांची, आईसारखीच फटकळ.

"काकू, तुम्ही समुद्रावर पण टिक मारता?"

"मग? विसरले तर?"

आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग कामाचं. हेमाबाईंनी आधी उलटतपासणी घेतली. कुठून आलात, कुणाच्या कोण, पंप कशाला, परत कधी. मग थेट जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि तव्यावरून उतरलेले ओले बोंबील. मी सात खाल्ले. आकडा नक्की आहे, कारण प्रणाली मोजत होती.

"पंप ने," हेमाबाई म्हणाल्या, "पण धुऊन आन. माज्या पंपाला चिखलाचा वास लागला तर बग!"

त्या पंपाला असा काही मासळीचा वास होता की चिखल बिचारा काय करणार होता! टेम्पोत तो माझ्या मांडीला टेकून बसला होता. विलेपार्ल्याला सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारच्या रिक्षातल्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. प्रणालीने त्यांना सांगितलं, "माझ्या लग्नातलं अत्तर आहे."

परत येऊन हिशेब मांडला. बुधवारी चार घरं, गुरुवारी नऊ. याच वेगाने शनिवार संध्याकाळपर्यंत एकतीस होतील. विहार सोडलं तरी त्रेचाळीस घरांत बारा कमी. मी तीनदा मांडला, पेन बदलून मांडला. बाराच कमी.

शुक्रवार, दिंडोशी

सकाळी जवळच्या उंच इमारतींतून मदत आली. चाळीस योगा मॅट. जांभळ्या, पोपटी, गुलाबी. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. सदाकाका म्हणाले, "पुरात आसनं करायची असतील. आपण उगाच घमेली आणली." पण मी सांगते, त्या मॅट वाया गेल्या नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात अंथरून आम्ही त्यांवर वस्तीचे भिजलेले कागद वाळत घातले. रेशनकार्डं, मार्कशिटा, बाळांचे जन्मदाखले, कुणाची तरी प्रेमपत्रं. ती मी न वाचता उपडी ठेवली.

त्यांत प्रणालीची लग्नपत्रिका सापडली. खाली वरमाईचं नाव होतं, लताबाई, जालन्याकडचं गाव, आणि मोबाइल नंबर.

"त्यांना कळवलंय ना इथलं?" मी सुजाताला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. घर पाण्यात, पण केंद्राचा तवा तिने शाळेच्या अंगणात मांडला होता.

"नाही."

"अगं!"

"कळवलं तर म्हणतील पुढे ढकला. अपशकुन म्हणतील. नाहीतर म्हणतील, मुलीच्या आईला आधी वस्ती आणि मग लग्न. ताई, तू यात पडू नकोस. रविवारपर्यंत होईल सगळं."

"बारा घरं कमी पडतात. मी मांडलंय."

"मग पुन्हा मांड."

मी पुन्हा मांडलं नाही. कामात मला एक खोड आहे. एखादी गोष्ट करायलाच हवी अशी दिसली की ती यादीत जाते, आणि यादीत गेली की होते. मी शाळेच्या मागे गेले आणि लताबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं: गाळ, चिठ्ठ्या, चव्वेचाळिसावा नंबर, कमी पडणारी बारा घरं.  माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "अमोलला माहीत आहे का हे?"

प्रणालीने त्याला सोमवारीच सांगितलं होतं आणि आईला न सांगण्याची शपथ घातली होती. ते त्या दोघांनी नंतर कबूल केलं. तेव्हा मला काय माहीत! मी म्हटलं, "नसावं."

"बरं," लताबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्या "बरं"चा अर्थ लावण्यात माझी दुपार गेली. सदाकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, "माझी बायको असं 'बरं' म्हणते तेव्हा मी दोन दिवस बाहेर जेवतो." मग मी सुजाताकडे जाऊन खरं ते सांगून टाकलं.

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "ताई, तू गाळ काढायला आलीस," ती हळू म्हणाली, "माझ्या घरातलं बाहेर काढायला नाही."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली ते फक्त कामापुरतं, आणि "तुम्ही" म्हणून. "तुम्ही रांगेच्या शेवटची घमेली बघा." "तुमचा चहा झाला का?" शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. प्रणालीचा फोन अमोल उचलत नव्हता. संध्याकाळी बाविसावं घर झालं आणि मी दोन डाव्या बुटांत पायरीवर बसून राहिले. पुरानंतर मी रडले नव्हते. त्या दिवशी थोडी रडले, आणि ते यादीत नव्हतं.

शनिवार, दिंडोशी

सकाळी साडेसातला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, आणि थांबायचं नाव घेईना. मोठा टेम्पो, मागे जीप. टेम्पोतून आधी खोरी पडली, मग टोपली, मग माणसं. छत्तीस! सगळ्यात शेवटी नऊवारीचा काष्टा मारलेली एक ठेंगणी, काटक बाई उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सुजाताबाई कोणत्या?"

सुजाता गल्लीतून आली. हात कोपरापर्यंत लाल, केसांत माती, पदराचा पत्ता नाही. विहीणबाईंना नमस्कार करायला तिने हात जोडले, तर ते चिकटले. "जय भीम," ती कशीबशी म्हणाली.

"जय भीम. काय ओ विहीणबाई, आम्हाला परकं केलं का?" लताबाईंचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. "पाऊस काय आमच्याकडं पडत नाही? गाळ आम्ही बघितला नाही? उन्हाळाभर तळ्यातला गाळ काढून शेतात टाकतो आम्ही! आणि तू रे!" जीपमागे लपलेल्या अमोलकडे त्या वळल्या. सहा फुटांचा जवान, पण मान खाली. "बायको यायच्या आधीच आईपासून चोरून ठेवायला लागला!"

"आई, शपथ होती..."

"खोरं घे!"

सगळी गल्ली हसायला लागली. मग त्यांनी विचारलं, "फोन केला ती बाई कुठंय?" मी पुढे झाले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "तुम्ही बूट येड्यागत घातलेत."

"दोन्ही डावे आहेत."

"बरं," लताबाई म्हणाल्या. म्हणजे कालचं "बरं" असंच होतं तर! नुसतं बरं! काल मी उगाच रडले होते.

त्यांची खोरी आखूड दांड्याची होती. वाकून चालवायची, जेमतेम हातभर लांब. कोपर कुठेच लागत नव्हतं. आम्ही गाळाचे तज्ज्ञ असल्यासारखे गेलो होतो आणि जालन्याच्या माणसांनी अर्ध्या तासात आमची फावडी भिंतीला टेकवून ठेवायला लावली. लताबाईंनी गाळ चिमटीत धरून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "हा शेतात टाकायच्या लायकीचा नाही. फेका."

नवरा-नवरी एकाच रांगेत समोरासमोर उभे राहिले. घमेलं अमोलकडून प्रणालीकडे जायचं, आणि दर वेळी पार्वतीकाकू वरून ओरडायच्या, "हळू रे! हात धरूचो नाय, घमेला धर!" हेमाबाईंचा पंप धडधडत होता आणि सगळ्या वस्तीला ओल्या बोंबलांचा वास येत होता. दुपारी खिचडी, ठेचा आणि जालन्याहून आलेल्या बाजरीच्या कडक भाकऱ्या. आपल्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. ही चार दिवस टिकणारी, आणि खिचडीत बुडवून खाल्ली की झकास लागते. मी तीन खाल्ल्या.

नंबर मात्र एकही चुकला नाही. कुणी म्हणालं, आता माणसं आहेत, विहार आधी घेऊ. लताबाईंनीच विचारलं, "आमचा नंबर कितवा?" मी म्हटलं चव्वेचाळिसावा. "मग चव्वेचाळिसावाच." तेविसावं, तिसावं, एकोणचाळिसावं. पाच वाजता त्रेचाळीस झाली आणि शंभरएक माणसं एकदम विहाराच्या दारात आली. दिवे लागायच्या सुमाराला फरशी दिसली. सदाकाकांनी फडका फिरवला तेव्हा तिच्यावर जुन्या फुलांची नक्षी होती. सुजाता ती बोटाने चाचपत होती. "ही माझ्या बाबांनी बसवलीय, बघ," ती मला म्हणाली. आणि "तुम्ही" नव्हतं त्यात.

रविवार, दिंडोशी, पुन्हा

सकाळी नऊला मी नेसून तयार झाले तर विहारात सगळं लागलेलं. भिंतीवर दोन तसबिरी, पुढे मेणबत्त्या आणि मोगरा. फरशी अजून ओलसर होती, म्हणून पाहुण्यांना बसायला चाळीस योगा मॅट. नवरीची पांढरी साडी पार्वतीकाकूंच्या वरच्या खोलीत इस्त्री करून टांगलेली. मी विहारापुढे टिक करायला पेन काढलं, तेवढ्यात सुजाता आली. अंघोळ केलेली, हिरवी साडी, केसांत गजरा. मी तिला पाच दिवसांत पहिल्यांदा स्वच्छ पाहिलं.

"थांब. अजून टिक करू नकोस."

"काय राहिलं?"

ती शाळेच्या अंगणात गेली, जिथे वऱ्हाड चहा पीत होतं, आणि हात जोडून लताबाईंसमोर उभी राहिली. "विहीणबाई, काल तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. हातात टोपली दिली. माझ्या दारात वऱ्हाड असं यायला नको होतं."

"अहो, त्याचं काय एवढं..."

"तर तुम्ही परत जा."

 लताबाईंचा कप ओठांपाशी थांबला.

"म्हणजे हायवेपर्यंत. सगळ्यांनी टेम्पोत बसा, हायवेच्या सिग्नलपर्यंत जा, आणि परत या. आम्ही दारात उभे राहतो."

लताबाईंनी दोन क्षण विचार केला. मग कप खाली ठेवला आणि ओरडल्या, "ऐकलं का रे? चला! गाडीत बसा! आपण अजून आलेलो नाही!"

छत्तीस माणसं टेम्पोत चढली. अमोलला जीपमध्ये पुढे बसवला. मी हसत हसत पेन शोधत होते, तर सुजाताने माझं मनगट धरलं. "तू कुठे? फोन तू केलास ना? तू त्यांच्या बाजूची. चढ टेम्पोत."

मग मीही चढले. दोन जालन्याच्या आत्या आणि एक कोरडं खोरं यांच्यामध्ये मला जागा मिळाली. टेम्पो हायवेपर्यंत गेला, सिग्नलला वळला आणि परत निघाला. आत सगळ्यांनी आपापलं तोंड लांबच्या प्रवासाचं केलं. एक आत्या तर जांभई द्यायला लागली.

गल्लीच्या तोंडाशी सगळी वस्ती उभी होती. पुढे सुजाता, हातात फुलांचं तबक, शेजारी पार्वतीकाकू पाण्याचा तांब्या घेऊन, त्यांच्यामागे सदाकाका, कुणाचा तरी कोट घालून. लताबाई उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुजाताने त्यांच्यावर फुलं टाकली.

"या, या. प्रवास कसा झाला?"

"लांबचा झाला ओ," लताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "फार दमलो."

"घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

"छे. एकदम स्वच्छ वस्ती आहे तुमची."

मग मी उतरले. सुजाताने माझ्याही डोक्यावर फुलं टाकली, पार्वतीकाकूंनी मला पाणी दिलं, आणि त्या दिवशी पायांत एक डावी, एक उजवी अशी बरोबर चप्पल घालून मी दिंडोशीला दुसऱ्यांदा पोचले. पाणी पिऊन झाल्यावर सुजाताने माझ्या हातात पेन ठेवलं.

"आता कर टिक."